रुमालाखालचा सौदा

रुद्रेश कणगलेच्या दवाखान्याला एकच दुखणं होतं, आणि ते म्हणजे जिना.

जिना बाहेरून होता, शाहूपुरीतल्या भर रस्त्यावरून वर चढणारा. खाली सासऱ्यांचं, सिद्धराम घुगऱ्यांचं, गुळाचं अडत दुकान. दुकानापुढं हमालांचा अड्डा. आणि वर माडीवरच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, भिंतीवर समुद्रकिनाऱ्याचं चित्र आणि दारावर पाटी : 'मनोबल समुपदेशन केंद्र'. रुद्रेशनं पुण्याला राहून मानसशास्त्रात एम. ए. केलं होतं आणि वर एक पदविका घेतली होती. तो डॉक्टर नव्हता, पण लोक डॉक्टर म्हणायचे आणि तो मोठ्या मनानं त्यांना म्हणू द्यायचा.

म्हणायचे तेही थोडेच. कारण कुणी मनानं खचलेला माणूस मान खाली घालून जिन्याशी घुटमळू लागला, की हमालांचा मुकादम पिराजी त्याला लांबूनच हेरायचा. पिराजी मनाचा लोण्यासारखा, पण आवाज असा की पलीकडं स्टेशनात गाडीची घोषणा ऐकू येऊ नये.

"कोण पायजे, पावणं? डोस्क्याचा डाक्टर व्हय? वरच हाय की! जावा, जावा, जिना तेवढा दमानं चढा!"

सगळी पेठ माना वळवून बघायची. पाहुणा घाम पुसत म्हणायचा, "न्हाय, न्हाय, गुळाचा दर इचारायला आलतो." आणि लाजेकाजेस्तव भेली घेऊन परत जायचा. रुद्रेशच्या विद्येचा आजवर फायदा झाला असेल तर तो एवढाच की सासऱ्यांची किरकोळ विक्री वाढली.

सासरा मात्र व्यापारी माणूस होता. सिद्धरामअण्णांची बायको गंगव्वा आदल्या वर्षी गेली, मुलगा बंगळूरला कायमचा स्थायिक झाला, आणि एवढं मोठं दुकान आणि त्यामागचं घर अण्णांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं. दोन हजार नऊच्या जूनमध्ये, रविवारी लेकीकडं जेवायला आले असताना, ताटावरच त्यांनी विषय काढला.

"जावईबापू, तीन वर्सं झाली. ह्या दिवाळीच्या पाडव्यापतोर वरची खोली चालली, तर ती तुमची. न्हाय चालली, तर पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला माझ्याशेजारी गादीवर बसायचं. मग मागं बघायचं न्हाय."

रुद्रेशनं हातातला घास ताटात ठेवला. गूळ! माशा, मुंगळे, पोत्यांचा वास आणि दिवसभर "बोला, बोला" करणारे दलाल. माणसाच्या अंतर्मनाचा तळ गाठायला निघालेल्या माणसानं गुळाचा रवा, म्हणजे ती मोठी ढेप, ठोकून बघायची? त्यानं बायकोकडं, प्रेरणाकडं, आधारासाठी पाहिलं. प्रेरणा शाळेत शिक्षिका होती आणि तिची जीभ बापावर गेली होती.

"गुळाकडं निदान मुंगळे तरी येतात," ती आमटी वाढत म्हणाली.

तेव्हापासून रुद्रेश रोज सकाळी आरशात बघून स्वतःला धीर द्यायचा. कोल्हापूर अजून मागास आहे, असं त्याचं निदान होतं. रंकाळ्याजवळच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर पवित्रा शेटेंकडं म्हणे रांग लागते. पण त्या पडल्या एमबीबीएस, गोळ्या देणाऱ्या. गोळ्या काय, वाणीपण देतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्याचं काम गोळीबिळीचं नव्हतं. त्याचं काम ऐकण्याचं होतं, फक्त बोलायला कुणी येत नव्हतं.

आणि मग ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू आला.

पुण्यात पहिला बळी गेल्याची बातमी आली आणि कोल्हापूरची पाचावर धारण बसली. एरवी कोल्हापूरकर वाघाच्या जबड्यात हात घालायला तयार. पण शिंकणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावाला लोक दारातूनच विचारू लागले, "बरा हाईस न्हवं? मग उद्या फोन कर." कापूर आणि वेलदोडा एकत्र बांधलेल्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. औषधाच्या दुकानांतले मास्क संपले, आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी रुमाल, उपरणं, टॉवेल, हाताला लागेल ते तोंडाला गुंडाळलं. आठवड्याभरात सगळं शहर दरोड्याला निघाल्यासारखं दिसायला लागलं.

एका दुपारी जिना वाजला. तोंड बांधलेला एक गडी वर आला, दार लोटून घेतलं आणि खुर्चीवर धपकन बसला. खाली पिराजी नुसता बघत राहिला होता. तोंड बांधलेल्या माणसाला नाव विचारायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचे दिवस नव्हते.

तो गेला तसा दुसरा आला. मग तिसरा. हुपरीचा एक चांदीवाला आला, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पैंजणं बनत आणि ज्याला पैंजण वाजलं की छातीत धडधडायचं. इचलकरंजीचा एक मागवाला आला. माग चालू असले की त्याचं डोकं फुटायचं आणि बंद असले की झोप उडायची. पन्हाळ्याच्या कचेरीतला एक साहेब आला, सही करताना हात कापतो म्हणून. हे लोक काही साथीनं आजारी पडले नव्हते. वर्षानुवर्षं आपापली दुखणी उराशी धरून बसले होते. त्यांना फक्त तोंड झाकायला एक कारण हवं होतं, आणि सरकारनंच ते दिलं.

एकदा तर दाराबाहेर टाकलेल्या बाकावर एक नवरा आणि त्याचीच बायको शेजारी शेजारी बसली होती, दोघंही डोळ्यांपर्यंत बांधलेली. दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. किंवा ओळखलं, पण दाखवलं नाही. कोल्हापुरात बहुधा दुसरंच खरं असतं. पण रुद्रेशला ही गंमत फक्त प्रेरणाला सांगण्यापुरती वाटली, त्यातला धडा काही त्याच्या ध्यानात आला नाही.

त्याला वाटलं, हे आपलं नाव झालं. मागास कोल्हापूर अखेर जागं झालं.

खरी गोष्ट अशी की अख्ख्या शाहूपुरीत सगळ्यात जास्त कुणी घाबरलं असेल, तर ते 'मनोबल'चे संचालक. त्यानं पेशंटची खुर्ची दारापाशी नेली आणि आपली खिडकीत. एकावर एक दोन मास्क चढवले, वर पुरचुंडी. तिथून तो, निम्मा खिडकीबाहेर झुकून, समजावायचा, "भीती ही फक्त आपल्या मनात असते." पेशंट उठला की खुर्चीवर फिनेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माणूस मनातलं बोलू लागला की रडतो, रडला की नाक ओढतो, आणि नाक ओढणाऱ्यासमोर रुद्रेशला बसवेना. म्हणून कुणाचा आवाज जरा ओला झाला, की हा घाईघाईनं म्हणायचा, "छान! आज इथंच थांबू." त्या दोन महिन्यांत त्यानं एकाही माणसाला धड रडू दिलं नाही. लोक तरीही यायचे. अर्धवट बोलूनही माणसाला हलकं वाटतं, एवढी आपल्याकडं बोलण्याची उपासमार आहे.

गणपती बसायच्या आदल्या दुपारी खालून पिराजीचा आवाज आला, "कोण, पावणं? जावा की वर. कुणी न्हाय बगा आत्ता, मोकळंच हाय."

जिन्यावर संथ पावलं वाजली आणि दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळावर भस्माचे पट्टे आणि नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट बांधलेलं रेशीमकाठी उपरणं. त्याच्याबरोबर गुळाचा वास आत आला.

रुद्रेशनं एका क्षणात ओळखलं. सासरे होते. आपल्याच दुकानातून निघून, स्टेशनला वळसा घालून, वाटेत तोंड बांधून, आपल्याच जिन्यानं वर आलेले.

तो उठून "मामा" म्हणणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात वर केला. "बसा, डॉक्टर. मी आजऱ्याचा. गणपतराव नाव लिवा. तंबाखूचा व्यापार हाय माझा."

रुद्रेश बसला. आणि तोच सूर धरून म्हणाला, "बसा, पावणं."

आणि पावणं बोलायला लागले. आधी तंबाखूच्या भावावर, मग गुडघ्यांवर, आणि मग, जमिनीकडं बघत, खऱ्या दुखण्यावर.

"बायको गेली गेल्या साली. दिवसा काय वाटत न्हाय, दुकान असतंय. पर सांजचं कुलूप लावलं की पाय घराकडं वळत न्हाय, डॉक्टर. दारापतोर जातो आन्‌ माघारी फिरतो. स्टेशनात जातो. बाकड्यावर बसतो. गाडी येती, माणसं उतरत्यात, त्येंच्याकडं बघत बसतो. एकांद्याला इचारतो, कुठनं आलासा? पाऊस हाय का तिकडं? जेवणाची येळ टळली की मग जातो घरला. पेठंत म्हणत्यात, अण्णा फिरायला जात्यात. हूं. फिरायला."

रुद्रेश खिडकीतून जरासा आत सरकला. या माणसाला त्यानं कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि दोघांत आजवर झालेलं बोलणं म्हणजे 'जेवला काय' आणि 'हो'.

"घरात कुणी नाही?" त्यानं विचारलं. त्यालाच लाज वाटली, पण विचारलं.

"ल्योक लांब हाय. लेक रोज डबा देऊन जाती, पर तिला तिचा संसार. जावई हाय एक. शिकल्याला हाय. वाईट न्हाय. पर माणसाकडं बघत न्हाय त्यो, माणसातनं पल्याड बघतोय." म्हाताऱ्यानं उपरण्याची गाठ चाचपली. "मी त्येला म्हणलो, गादीवर येऊन बस. त्येला वाटतंय गुळासाठी म्हणलो. गुळाला माणसं ठेवता येत्यात, डॉक्टर. सांजचं कुलूप लावताना शेजारी कोण तर पायजे. एकट्यानं लावलं की किल्ली लई मोठ्यानं वाजती."

"मग हे जावयाला सांगा की."

"असं कसं सांगायचं? सासरा हाय मी त्येचा."

आणि उठताना, दारापाशी थबकून, म्हातारा म्हणाला, "हितलं हितंच ऱ्हाईल न्हवं? माझा बा आधी बैलांचा व्यापारी हुता. बैलाचा सौदा रुमालाखाली हुतोय, बोटं धरून. भवतीनं शंभर माणसं हुबी असत्यात, समद्यास्नी अंदाज असतोय, पर कोण तोंडानं आकडा बोलत न्हाय. रुमालाखालचं जो बोलला, त्येला पुन्हा बाजारात कुणी हात देत न्हाय."

"इथला शब्द हा जिना उतरत नाही," रुद्रेश छाती पुढं काढून म्हणाला.

आता सांगा, यावर औषध काय होतं? त्या संध्याकाळी जिना उतरायचा, कुलपाला हात लावायचा आणि म्हणायचं, "चला मामा, मीपण घराकडंच निघालोय." पोराटोरालाही सुचलं असतं. पण रुद्रेशनं पुस्तकात वाचलं होतं की उपचार करणाऱ्यानं पेशंटच्या आयुष्यात गुंतू नये, आणि पुस्तकातलं जे वाक्य आपल्या आळसाला सोयीचं असतं ते माणसाला पाठ होतं. वरच्या खिडकीतून त्यानं अण्णांना कुलूप लावताना पाहिलं, स्टेशनकडं वळताना पाहिलं. 'माणसातून पलीकडं बघतो' हे वाक्य त्याला चांगलंच झोंबलं होतं. तो पेशंटचा पूर्वग्रह आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. प्रेरणाला त्यानं काही सांगितलं नाही. केस मात्र फार सुंदर आहे, असं त्याच्या मनात आलं.

गणपती गेले, पितृपंधरवडा गेला. गणपतराव आजरेकर दर आठवड्याला येत राहिले. थोडे सैलावलेही. एकदा उपरण्याआड हसले.

पण साथ ओसरत चालली होती. आधी मास्क हनुवटीवर आले, मग खिशात गेले, आणि दसऱ्याला सोनं लुटताना सगळं कोल्हापूर पुन्हा उघड्या तोंडानं गळ्यात पडलं. जिना वाजायचा थांबला. पिराजीचा घसा मोकळा झाला. हुपरीचा चांदीवाला एकदा जिन्याशी येऊन, पिराजीकडं बघून, गुळाची भेली घेऊन परत गेला.

रुद्रेशनं कॅलेंडर पाहिलं. पाडवा तोंडावर होता. मग लोकांची भीती घालवण्याची शपथ घेतलेल्या या माणसानं काय करावं? त्यानं केबलवाल्याच्या स्थानिक बातम्यांत जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की खरी लाट हिवाळ्यात येणार आहे, गाफील राहू नका. दारावर पाटी लावली : 'तोंड बांधल्याशिवाय प्रवेश नाही.' फ्लूच्या विषाणूचे आभार मानायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

अशात व्यापारी मित्र मंडळानं ठरवलं की साथीच्या काळात राबलेल्या लोकांचा सत्कार करायचा. दोन डॉक्टर, एक परिचारिका, औषध दुकानदार, आणि शाहूपुरीचेच जावई म्हणून रुद्रेश कणगले. शाल-श्रीफळ ज्येष्ठ व्यापारी सिद्धरामअण्णा घुगरे यांच्या हस्ते. रुद्रेशला वाटलं, देवच पावला. पेठेसमोर, सासऱ्यासमोर, आपलं काम काय ताकदीचं आहे हे एकदा ऐकवलं की पाडव्याचा विषय आपोआप संपेल.

सभागृह भरलं होतं. अडते, दलाल, दिवाणजी, मागच्या बाजूला भिंतीला टेकून हमाल. पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी प्रेरणा. बाकीचे सत्कारमूर्ती 'आभारी आहे' म्हणून बसले. रुद्रेश बोलायला उभा राहिला आणि टाळ्या पडल्यावर त्याला थांबावंसं वाटेना.

"मी एक उदाहरण देतो," तो म्हणाला. "नाव अर्थात सांगणार नाही. रुग्णाची गोपनीयता आमच्याकडं पवित्र असते. समजा, तंबाखूचे एक मोठे व्यापारी. आजरा भागातले. पत्नी गेलेली. बाहेरून माणूस वाघ! पण रोज संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं की हा वाघ घरी जायला घाबरतो. तो स्टेशनवर जातो. बाकावर बसतो आणि गाडीतून उतरणाऱ्या अनोळखी माणसांना विचारतो, तिकडं पाऊस आहे का? मंडळी, एवढा एकटेपणा! अशा माणसाला मी..."

सभागृहात एवढी शांतता पसरली की वरचा पंखा ऐकू येऊ लागला. रुद्रेशला वाटलं, हृदयाला भिडलं. तो अजून बोलत होता, किल्लीच्या आवाजावर आला होता, तेव्हा त्याची नजर प्रेरणाकडं गेली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती शेजारी बघत होती, बापाकडं. सगळं सभागृह तिकडंच न बघण्याचा प्रयत्न करत होतं.

आजऱ्यात स्टेशन नाही. रेल्वे येऊन थांबते ती कोल्हापुरात, आणि तिथल्या स्टेशनाच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी कोण बसतं हे शाहूपुरीतल्या चहावाल्यापासून पोर्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. उपरणं बांधून जिना कोण चढतं हेही ठाऊक होतं. ज्याचं तीस वर्षं मीठ खाल्लं त्या मालकाला पिराजीनं 'पावणं' म्हटलं, ते काय त्याचे डोळे फुटले होते म्हणून? रुमाल चेहरा लपवायला नसतोच. ज्यांना दिसतं त्यांनी गप्प राहायचं असतं, त्याची ती खूण असते. हे पेठेतल्या प्रत्येक हमालाला कळत होतं. फक्त ज्याचा धंदाच गप्प राहण्याचा होता, त्याला कळलं नव्हतं.

अण्णा उठले. सावकाश व्यासपीठावर आले, जावयाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. नमस्कार करून खाली उतरले आणि मधल्या वाटेनं ताठ मानेनं बाहेर निघून गेले.

घरी जाताना स्कूटर शाहूपुरीच्या कोपऱ्याशी आली. मागं बसलेली प्रेरणा म्हणाली, "थांबवा." उतरली.

"माझे अण्णा रोज तिथं बसत होते आणि तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, ते व्यावसायिक गुपित..."

"गुपित?" ती म्हणाली. "माझ्यापासून गुपित, आणि माईकवर भाषण?" आणि ती बापाच्या घराकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळ्यांना अचानक बरं वाटू लागलं होतं. हुपरीच्या चांदीवाल्याला पैंजणं सहन होऊ लागली, साहेबाची सही सरळ येऊ लागली, मागवाला म्हणाला, "आता झोप लागती, डॉक्टर, तुमी काय तरास घिऊ नगासा." रुद्रेशनं दोन महिन्यांत जेवढे बरे केले नव्हते तेवढे एका भाषणानं बरे केले.

आणि खाली निराळंच चाललं होतं. रुद्रेशनं खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी अण्णा कुलूप घेऊन उभे राहिले, तसा पिराजी येऊन पायरीवर बसला.

"अण्णा, आता काय लपवाछपवी ऱ्हायली न्हाय, मग बोलतो. माझी म्हातारी गेल्यापास्नं मलाबी घर खायाला उठतंय. मी आपला तालमीच्या कट्ट्यावर पडतोय. तुमी गाड्या बगा, मी कुत्री बगतोय."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग हसले, उघड्या तोंडानं. शेजारचा अडत्या आपलं दुकान सोडून आला. चहा आला. कुणाची सून बोलत नव्हती, कुणाचा लेक दुबईहून फोन करत नव्हता; सगळं भसाभसा, मोठमोठ्यानं, रस्त्यावर निघालं. कुणी नाक ओढलं तरी कुणी "आज इथंच थांबू" म्हणालं नाही. कुलूप लागलं तेव्हा ते लावायला पाचसहाजण होते, आणि प्रेरणा डबा हातात घेऊन वाट बघत उभी होती.

रुद्रेशनं खिडकी लावून घेतली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो जिना उतरला. त्याचा चेहरा त्यागी माणसाचा झाला होता. दुकानात झेंडूच्या माळा बांधायचं काम चालू होतं. प्रेरणा स्टुलावर उभी होती. अण्णा गादीवर.

"मामा," तो म्हणाला, "खोली चालली नाही, मान्य करतो. शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून गादीवर बसतो."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नगं, जावईबापू."

"म्हणजे?"

"तुमचा राग न्हाय मला. झालं ते माझ्या पथ्यावरच पडलं. पर हितं दिवसभर माणसं कानात बोलत्यात. कुणाचं लेकीचं लगीन अडलंय, कुणाचा माल पडून हाय, कुणाचं भावाभावात फाटलंय. समदं पोटात ठेवायला लागतंय. तुमास्नी ते जमायचं न्हाय." त्यांनी गल्ल्याजवळची किल्ली उचलून पुढं सरकवली. "खोली तुमालाच ऱ्हाऊ दे. वर निवांत बसा. एकटं बसल्यावर कसं वाटतंय ते कळंल हळूहळू."

गूळ आपल्या लायकीचा नाही, असं ज्याला आयुष्यभर वाटलं, त्याला गुळानंच नापास केलं. रुद्रेशनं स्टुलाकडं पाहिलं. प्रेरणानं माळेची गाठ नीट आवळली आणि दुसरी माळ मागितली.

पाडवा झाला. मुहूर्ताचा सौदा गाजला. रुद्रेश वर वेताच्या खुर्चीत समुद्रकिनारा बघत बसला. खालून हसण्याचे आवाज यायचे. संध्याकाळी राजारामपुरीतल्या आपल्या रिकाम्या फ्लॅटचं कुलूप उघडताना किल्ली मोठ्यानं वाजायची. इतकी की दोनतीनदा तो दारातून परत फिरला आणि स्टेशनकडं चालू लागला. पण बाकड्यावर बसायची सोय त्यानं स्वतःच मोडून ठेवली होती. तिथं बसलेल्या माणसाला आता काय म्हणतात, ते साऱ्या शहराला माहीत होतं.

शेवटी एका दुपारी त्यानं कपाटातून जुना मास्क काढला, त्यावर रुमाल बांधला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि पाय न वाजवता जिना उतरला. कोपऱ्यावरच्या रिक्षात बसून, खाली वाकून, दबक्या आवाजात पत्ता सांगितला.

"रंकाळ्याला? पवित्राबाईंच्या दवाखान्यात व्हय?" रिक्षावाल्यानं खणखणीत आवाजात खात्री करून घेतली.

दुकानापुढं पोत्यावर बसलेल्या पिराजीनं मान वर केली. गादीवर अण्णांनीही केली, आणि पुन्हा खाली घातली. अण्णांच्या वेळी पिराजीनं 'पावणं' म्हटलं होतं. आता तो उठून उभा राहिला आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"काय कणगले डाक्टर, तुमी सोता चाललासा व्हय? जावा, जावा! त्येच्यात लाजायचं काय? आमी कुणाला सांगत न्हाय!"

सगळ्या पेठेनं माना वळवल्या.